क्रूसाचं पुढचं टोक

उपवासकाळात मी मटण सोडतो, चहातली साखर सोडतो. राग काही सुटत नाही. तुर्भ्याला पाठीवर लाद्या वाहण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं दुकान उभं केलं, ते काही गोड बोलून नाही.

यंदा गुड फ्रायडेच्या क्रूसाच्या वाटेची यादी चर्चमध्ये लागली. आमच्याकडे मोठा लाकडी क्रूस नेरूळच्या रस्त्यांवरून नेतात. येशूच्या दुःखाची चौदा स्थानं. एका स्थानापासून पुढच्यापर्यंत दोघं तो वाहतात, एक पुढे, एक मागे. पाचव्या स्थानाला माझं नाव होतं आणि जोडीला दादाचं. चार वर्षं मी दादाशी बोललेलो नाही, हे सगळ्या चर्चला ठाऊक आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आठ महिने तिचं सगळं मी केलं. दादा रविवारी फळं घेऊन यायचा. आणि मातीच्या दिवशी शवपेटीचं पुढचं टोक त्याने धरलं. मी मागे.

यादी करणाऱ्या सिस्टरकडे गेलो. जोडी बदला म्हटलं, स्थान बदला म्हटलं, नाहीतर येशू पडतो ती तिन्ही स्थानं मी एकटा घेतो म्हटलं. ती बधेना. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे, पण पुढचं टोक माझं."

"घ्या," ती म्हणाली. समोरचा इतक्या पटकन तयार झाला की मालात खोट असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाचव्या स्थानाशी वाचन झालं. शेतावरून येणाऱ्या शिमोनाला शिपायांनी धरलं आणि येशूच्या मागून क्रूस वाहायला लावला. मागून. जन्मभर ऐकत आलो, आणि भांडून मिळवलं ते पुढचं टोक. आडव्या लाकडाचा सगळा भार माझ्या खांद्यावर, पाय अनवाणी, खाली तापलेलं डांबर. मदत करणाऱ्याची जागा मीच दादाला देऊन बसलो होतो.

वीसेक पावलं गेलो असेन, तोच भार हलका झाला. दादा टोक सोडून पुढे सरकला होता, त्याने मधोमध खांदा लावला होता. कंबरेचं दुखणं आहे त्याला.

"मागे हो," मी म्हणालो.

"आईला तू एकट्याने उचललंस," तो म्हणाला. "आता गप चाल."

हे एक वाक्य ऐकायला मी चार वर्षं थांबलो होतो, आणि याने ते सांगितलं कुठे, तर भर रस्त्यात, प्रार्थना चालू असताना. त्या शिमोनाला येशू काय म्हणाला, हे शुभवर्तमानात कुठेच नाही. वळून दोन शब्द सुनावावेत असं मला फार वाटलं. पण वळलो असतो तर क्रूस दादालाच लागला असता. सहावं स्थान येईपर्यंत मी तसाच धुमसत चाललो, पावलं मात्र त्याच्या कंबरेला झेपतील एवढीच टाकली.