तीन नंबरच्या टाकीतला फॅलारोप

शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ते एकवीस वर्षं पंपचालक आहेत. थंडीत टाक्यांचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्यावर किड्यांचा थर धरतो आणि लांबलांबचे पक्षी तिथे उतरतात. वास सोडला तर जागा उत्तम आहे. शहराच्या पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्या नावावर चौदा दुर्मीळ नोंदी आहेत.

पंधरावी गेल्या हिवाळ्यात फसली. त्यांनी फॅलारोप दिसल्याचं कळवलं. हा चिमणीपेक्षा थोडा मोठा समुद्रपक्षी; पाण्यावर बसून स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि तळाचे किडे वर आणतो. पहाटे बारा जण दुर्बिणी घेऊन हजर झाले. धुकं विरलं तेव्हा फेसात बुडालेला थर्माकोलचा तुकडा दिसला. त्यावर एक साधा छोटा टिलवा, दरवर्षी चिखलात दिसणारा पक्षी, बसला होता. टाकीत हवा मिसळणारं मशीन पाणी फिरवत होतं, पाणी थर्माकोलला आणि थर्माकोल टिलव्याला. नोंद खोडली गेली. त्यानंतर वर्षभर त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकही पक्षी कळवला नाही.

या मंगळवारी सकाळी सातला तीन नंबरच्या टाकीत पुन्हा काहीतरी फिरत होतं. राखाडी पाठ, सुईसारखी काळी चोच. फेसामुळे पक्षी पोटापर्यंत झाकलेला. त्यांनी मोबाइलवर नऊ फोटो काढले. नऊही फोटोंत एक करडा ठिपका आला. अर्धा तास फोन हातात धरून ते केबिनमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. मग लावला.

"डॉक्टर, फॅलारोप आहे."

"मशीन चालू आहे?"

"आहे."

"मग बंद झालं की बघा. तोवर मला दोन दाढा काढायच्यात."

मशीन ग्रीस घालायला रोज पावणेएकला बंद होतं, तेही वीसच मिनिटं. बटण त्यांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर होतं. पण अवेळी बंद केलं तर लॉगबुकात कारण लिहावं लागतं. पक्षी, असं लिहायचं? बाराच्या आत ते अकरा वेळा टाकीवर जाऊन आले. प्रत्येक वेळी पायऱ्या चढताना वाटायचं, उडाला असणार. उडाला नव्हता. चार नंबरच्या टाकीचं रीडिंग त्यांनी पाच नंबरच्या रकान्यात भरलं, खोडलं, पुन्हा भरलं.

केंद्राचा इलेक्ट्रिशियन त्यांचा सख्खा मेहुणा. तो ग्रीसचा डबा घेऊन आला.

"काय भाऊजी, या वेळी कुठल्या कंपनीचा थर्माकोल?"

"तू मशीन बंद कर."

"अजून सात मिनिटं आहेत. जेवणाचा डबाही उघडला नाहीत सकाळपासून. ताईला सांगू?"

"सांग. आधी वर ये माझ्याबरोबर."

"माझं काय काम? मला कावळा आणि कबूतर, दोनच ओळखता येतात."

"तेवढं पुरे."

पावणेएकला मेहुण्याने बटण दाबलं. मशीनची घरघर थांबली आणि दोघे धावत टाकीवर गेले. पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणखी थोडं फिरलं, मंदावलं. फेस कडेला सरकू लागला. पक्षीही मंदावला आणि थांबला.

ते कठड्याला धरून उभे होते. मेहुणा हसायच्या बेतात होता. भाऊजींच्या तोंडाकडे पाहून तोही कठड्यावरून वाकला.

पक्ष्याने पाण्यात दोनदा चोच मारली. मग फिरायला लागला. उलट्या दिशेने.

"अहो, हा तर उलटा चाललाय!" मेहुणा ओरडला.

फोन जाताच डॉक्टरीणबाई अॅप्रनवरच निघाल्या. फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना नाव, पत्ता, गाडीचा नंबर, भेटीचं कारण असं सगळं लिहायला लावलं. त्या पायऱ्या चढत असताना एक वाजून पाच मिनिटं झाली आणि मशीन सुरू झालं. पक्षी उठला, टाकीवरून एक फेरी मारली आणि कुंपणापलीकडे गेला.

"एकट्याची नोंद मी घेत नाही," धाप टाकत त्या म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षीनंतर तर नाहीच. राग मानू नका."

"एकटा नव्हतो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मेहुण्याला बाजूला घेतलं. भाऊजींना तिथून हलायला सांगितलं. ते खाली केबिनमध्ये गेले. काचेतून फक्त दोघांचे हात दिसत होते. मेहुणा बोटाने हवेत गोल काढत होता, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. त्यांनी डबा उघडला आणि तसाच झाकला.

"मशीन बंद होतं कशावरून?" वर डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

"मीच बंद केलं. वहीत वेळ आहे, सही आहे."

"तोंड कसं होतं?"

"पांढरं. डोळ्यामागे काळा पट्टा. कोणीतरी ठोसा मारल्यासारखा."

"हे भाऊजींनी शिकवलं?"

"मॅडम, ते मला गेली वीस वर्षं शिकवतायत. मी ऐकतो कधी?"

बाईंनी वही काढली. तारीख, टाकी, वेळ, दोन साक्षीदार. खाली येऊन त्यांनी ते पान केबिनमध्ये पंपचालकांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "साक्षीदारांत त्याचं नाव आधी का?"

"त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही म्हणून."

 पंपचालकांनी डबा पुढे ओढला आणि जेवायला बसले. डॉक्टरीणबाई मात्र निघाल्या नाहीत. शहरात फॅलारोप त्यांनी स्वतः कधीच पाहिला नव्हता. त्या पुन्हा पायऱ्या चढून टाकीच्या कडेला उभ्या राहिल्या. दवाखान्यातून तिसऱ्यांदा फोन वाजला. त्यांनी न पाहताच तो बंद केला आणि कुंपणाकडे दुर्बीण लावली.