डाव्या हाताची चित्रं

डहाणू स्टेशनजवळच्या बहुतेक दुकानांचे बोर्ड माझ्या वडिलांनी रंगवलेले. वर मराठी, खाली गुजराती, अक्षरं अगदी छापल्यासारखी. साठ सालानंतर कधीतरी, मी सतरा वर्षांची असताना, त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, वाचा गेली. आई चिकूच्या वाडीत मजुरीला जाऊ लागली आणि बाबांजवळ घरी मी राहिले.

एक दिवस त्यांनी डाव्या हाताने उरलेल्या रंगांचे डबे ओढून घेतले आणि खाटेजवळच्या भिंतीवर चित्र काढलं. टोपी घातलेला बोंबील. पुढच्या दिवसांत गुलाबी बुटांतला कोंबडा आला, दात काढून हसणारी सोड्याची बाटली आली, एक निळा बैल आला. रेषा वाकड्यातिकड्या, रंग भडक, शाळेत न गेलेल्या पोराने काढावीत तशी. चित्र झालं की बाबा घशातून आवाज काढत हसायचे. आजारपणानंतर ते हसले ते तेवढंच. शेजारच्या बायका डोकावून जात आणि म्हणत, डोक्यावरही परिणाम झालेला दिसतो. मला फार लाज वाटायची.

त्या हिवाळ्यात वाणगावचे पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं. मी आईला म्हटलं, त्या भिंतीला चुना काढते.

"तुला करायचं ते कर," ती म्हणाली. "मला नको सांगू."

बाबा जागे असतानाच मी चुना लावला. तेलरंगावर तो धरेना, तीन हात द्यावे लागले. बैल सगळ्यात शेवटी गेला. बाबांनी मला अडवलं नाही, नुसते बघत राहिले.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी सगळीकडे नजर फिरवली आणि बाबांना विचारलं, "तुम्ही एवढे पेंटर, आणि घरात एकही चित्र नाही?"

बाबांना बोलता येत नव्हतं. आईने पदर सावरला. मी चहाच्या कपांकडे बघत उभी राहिले.

लग्न ठरलं, झालंही. पहिल्या माहेरपणाला मी टर्पेंटाइन घालून निळा रंग पातळ केला आणि ब्रशसकट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मग डबा हळूच बाजूला सारला.

पुढच्या खेपेला मी आले ती त्यांच्या दहाव्याला.