बैलपायरीचे पाणी

भास्कर गेल्याची बातमी त्याच्या मुलाने, श्रीकांतने, फोनवर दिली. वैशाखातली दुपार होती. "काका, बाबा गेले," एवढेच तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. "अवो, बरं काय म्हणता?" पत्नी म्हणाली. दुसरा शब्द मला सुचला नव्हता. अंत्ययात्रेला गेलो. खांदा देण्यासाठी लोकांनी मला वाट करून दिली, पण मी मागूनच चालत राहिलो. गावाने ते पाहिले. काहींना ते खटकले. काहींना कारण अर्धेमुर्धे ठाऊक होते. गेलेल्याविषयी चांगलेच बोलावे, हा संकेत मला मान्य आहे. परंतु भास्करविषयी चांगले आणि खरे ही दोन्ही लिहायची, तर ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आमचे गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरपासून फार दूर नाही. गावाला तलाव आहे, पूर्वजांनी मातीची पाळ घालून बांधलेला. पाळीच्या मध्यावर पाणी सोडण्याची दगडी मोरी आहे. आमच्याकडे तिला तुडूम म्हणतात. तिच्या पायऱ्या तलावाच्या तळापर्यंत उतरतात आणि त्यांतल्या काहींना नावे आहेत. वर घागरपायरी, मग धुणेपायरी, आणि तिच्याखाली बैलपायरी. पाणी या पायरीला लागलेले असले की शेजारच्या उतारावर बैल पाठीपर्यंत बुडतात, म्हणून ते नाव. पोळ्याच्या सकाळी, बैल धुण्याआधी, एक माणूस पायऱ्या उतरतो आणि पाणी कुठे आहे ते पाळीवरच्या लोकांना ओरडून सांगतो. बैलपायरी बुडालेली असेल, तर शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या खाचरापर्यंत, पाणी मोकळे सोडायचे. उघडी असेल, तर तुडूम तत्काळ बंद करायचे आणि धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या दिवसांसाठी पाणी राखायचे. या आरोळीवर गावात कधी वाद झाला नाही. माझे वडील पाणी सांगत. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आले. मी जवाहरनगरच्या कारखान्यात आयुष्यभर मापे तपासण्याचे काम केले. लोकांना ते योग्यच वाटले.

भास्करचे घराणे कोशाच्या रेशमाच्या साड्या विणणारे आणि विकणारे. लहानपणी मी त्यांच्या मागाच्या खटखटीत बसून पाढे पाठ केले आहेत. पोळ्याला आम्ही दोघे वडिलांच्या मागे पायऱ्या उतरत असू. भास्कर नेहमी एक पायरी पुढे जाई, भिजे आणि मार खाई. मोठेपणी माग बंद पडले. पुष्कळांनी हाय खाल्ली. भास्करने खाल्ली नाही. थंडीत तलावावर परदेशी बदके उतरतात, ती पाहायला नागपूरचे लोक गाड्या घेऊन येतात, हे त्याने हेरले. काठावर खोल्या बांधल्या, नावा आणल्या, गावातल्या मुलांना पक्ष्यांची नावे शिकवून कामाला लावले. त्याच्यामुळे कित्येक घरांतली मुले पुण्याला मजुरीला गेली नाहीत, हे मी नाकारणार नाही. त्याच्या ओसरीच्या कोपऱ्यात वेताची एक खुर्ची असे. तीत बसले की समोर तलाव दिसत नसे, तुडुमाची कड दिसे. नावाडी चेष्टा करीत, "मालक, तलाव तिकडं आहे!" भास्कर म्हणे, "तलाव गिऱ्हाइकाले ठेवला, बाप्पा. मले सावली पुरते."

आमचा वाद पावसावरून सुरू झाला. पाऊस बदलला आहे, असे माझे मत बनत चालले होते. तो येतो तेव्हा एका रात्रीत कोसळतो आणि सांडव्यावरून निघून जातो; मग आठवडेच्या आठवडे ऊन. बदके उशिरा येत, लवकर जात. मी हे पारावर बोललो की भास्कर हसे. "काहून रे इन्स्पेक्टर, पावसाचंबी माप काढून राहिला का आता? पाऊस म्हंजे जावई आहे. एखाद्या साली रुसते, एखाद्या साली चार दिवस जास्त राहते. आज्याच्या काळीबी असंच होतं." भंडाऱ्याला पर्यटनवाल्यांचा मेळावा झाला. तिथे त्याने भाषण केले की, हवामान बदलाची भीती थंड खोलीत बसणाऱ्यांनी पसरवली आहे आणि तिने धंदा बुडतो. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. परतताना त्याच्याच गाडीतून आलो आणि रस्ताभर भांडलो. खरे सांगायचे तर ते भांडण मला प्रिय होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझ्याशी मनापासून वाद घालणारा तेवढा एकच माणूस उरला होता. तो मानत नाही, पण प्रामाणिकपणे मानत नाही, असे मी धरून चाललो होतो.

पुढे त्याने तुडुमावर सिमेंटची लादी टाकून नावेचा धक्का केला. जुन्या पायऱ्या लादीखाली गेल्या. पाहुणे घसरून पडतात, हे कारण होते आणि ते खोटेही नव्हते. धक्क्याच्या टोकाशी त्याने एक खांब उभा केला, त्यावर आडव्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपुढे रंगाने नाव लिहून घेतले. घागरपायरी, धुणेपायरी, बैलपायरी. मला हाताला धरून दाखवायला नेले. "पाह्य, तुह्या बापाच्या पायऱ्या. एकबी नाव गाळलं नाही. आता तुले या वयात खाली उतराचं काम नाही. वरून वाच." माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. जन्मभर मी एकही माप पडताळल्याशिवाय मान्य केले नाही. हे केले... कारण ते भास्करने दिले होते.

मागच्या आधीच्या पोळ्याला मी धक्क्यावर उभा राहून ओरडलो, "बैलपायरीला पाणी!" गावाने तुडूम मोकळे ठेवले. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनाही नावाडी खांब दाखवून सांगत होता की, बघा, आजोबांच्या काळी होते तिथेच आजही पाणी आहे, आणि हे आमचे इन्स्पेक्टर साहेब, यांनी स्वतः वाचले आहे. पुढे पाऊस फिरकला नाही. शेवटाकडच्या बांध्यांत धान निसवायला आले आणि तलावात सोडण्यासारखे काही उरले नव्हते. लोंब्या पांढऱ्या पडल्या. शेवटच्या बांधीचा मालक तुकाराम माझ्या दारात आला. तो ओरडला नाही. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "साहेब, पाणी तुमच्या तोंडात होतं. तलावात नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याकडची पातळी जुळवायची पाण्याची नळी आणली आणि वाकून लादीखाली शिरलो. चिखलात बसून खऱ्या बैलपायरीची पातळी खांबापर्यंत नेली. खांबावरची रेघ हातभर खाली होती. मग धुणेपायरी ताडली. तीही तेवढीच खाली. घागरपायरीही तेवढीच. माझ्या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकवली आहे. हाताची चूक विखुरते, कधी वर जाते, कधी खाली. सगळी मापे एकाच बाजूला सारखीच सरकलेली असतील, तर ती चूक नव्हे. ती कोणीतरी ठरवून सरकवलेली असतात.

तसाच चिखलाच्या पायांनी ओसरीवर गेलो. भास्कर त्याच्या खुर्चीत होता. माझे पाय पाहून त्याला समजले.

"बस," तो म्हणाला.

"खांब तू खाली उतरवलास."

"पाणी उतरलं म्हून बोर्ड लावू का? नागपूरवाला येईल का मंग? हे पोट्टे कुठं जातील?"

"म्हणजे पाणी उतरते आहे, हे तुला ठाऊक होते."

"मले नाही मालूम तर कोणाले? रोज सकाळी पाह्यतो ना मी."

"मग इतकी वर्षे माझ्याशी कशासाठी भांडलास?"

त्याने पाय धुवायला पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "गाव तुह्यं ऐकते, गड्या. माह्यं नाही ऐकत."

तुकारामचे काय, असे मी विचारले. त्याने मान खाली घातली. खांब चुकीचा आहे, एवढे मी गावात सांगितले. तो कोणी चुकवला, हे सांगितले नाही. आज प्रथमच सांगतो आहे. त्यानंतर भास्करच्या ओसरीची पायरी मी चढलो नाही. गेल्या पोळ्याला पाणी कोणीच सांगितले नाही. लोकांनी मला विचारले नाही आणि मीही गेलो नाही. अनेकांना वाटले की मला दुखली ती माझी अप्रतिष्ठा. ती दुखली, नाही असे नाही. परंतु अधिक दुखले ते वेगळे. मी वर्षानुवर्षे एका न मानणाऱ्या माणसाशी वाद घालत होतो, त्याला पटवू पाहत होतो. आणि त्याला ते माझ्याआधी पटलेले होते. तो केवळ माझा आवाज आपल्या खांबाला लावून घेत होता.

चैत्रात त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवले तेव्हा श्रीकांत बोलवायला आला. मी गेलो. भास्कर फार वाळला होता. मला पाहताच म्हणाला, "पाणी कुठं आहे बे?"

"कोणत्या खांबाचे सांगू?"

तो हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. सून पाणी घेऊन धावली. उबळ थांबल्यावर म्हणाला, "तुह्या बापाच्या पायरीचं सांग."

मी सांगितले. बैलपायरी कधीचीच उघडी पडली आहे, तिच्याखालच्याही पायऱ्या कोरड्या आहेत. त्याने डोळे मिटून मान हलवली, जणू त्याने केलेली बेरीज माझ्या बेरजेशी जुळली होती. माफी त्याने मागितली नाही. मी मात्र तिची वाट पाहत दिवे लागेपर्यंत तिथे बसून होतो.

तेरवीला ओसरीवर पाने मांडली होती. बसायला जागा नव्हती. श्रीकांतने ती वेताची खुर्ची पुढे ओढायला घेतली. मी म्हटले, राहू दे, आहे तिथेच बसतो. आजवर त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. भास्करशिवाय कोणीच बसत नसे. बसलो आणि सवयीने समोर पाहिले. धक्क्याची लादी आणि पाळीचा उतार यांच्यामध्ये कडेला एक फट राहिलेली आहे. पाळीवरून ती दिसत नाही, धक्क्यावरून दिसत नाही, नावेतूनही दिसत नाही. या खुर्चीतून दिसते. फटीतून आत ऊन पडले होते, आणि त्या उन्हात, कोरडी, पांढुरकी, कडेला माझ्या वडिलांच्या काळापासूनचा टवका उडालेली बैलपायरी होती. पोळ्याच्या दिवसांतही ती इथून दिसत असणार. खांब गिऱ्हाइकासाठी होता, माझ्यासाठी होता. स्वतःसाठी त्याने हे ठेवले होते. रोज सकाळी चहा घेत तो इथे बसून खरे पाहत असे, आणि मग उठून आमच्याकडे येत असे.

जेवण मला गेले नाही. हात धुऊन निघालो, तेव्हा दारात तुकाराम उभा होता. तो म्हणाला, "साहेब, यंदा पोळ्याला पाणी सांगसाल ना? दुसरं कोण सांगन?" मी होय म्हणालो. धक्का फोडायला श्रीकांतची तयारी नाही. हंगाम जाईल म्हणतो. असो. खांबापाशी मी उभा राहणार नाही.

श्रीकांतला हाक मारून एवढेच सांगितले, ती खुर्ची हलवू नकोस.