भिकाजीची दोन कार्डं

कसालच्या बाजारात भिकाजीचा फोटो स्टुडिओ होता. २००८च्या मे महिन्यात त्याने मालवणला शेवंतीच्या लग्नाचे फोटो काढले. घरी येऊन कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर ते उघडेना. कुडाळच्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. साडेचारशे फोटो गेले.

शेवंतीची आई हौसाबाई कसालला मासे विकायला बसायची. भिकाजी तिच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला आणि काही न लपवता त्याने सगळं सांगितलं. तिने हातातला मासा पाटीत ठेवला. मग म्हणाली, "फोटो गेले, लगीन थोडाच गेला? तू तोंड लपवलंस नाय, ह्या बरां केलंस. धाकट्या चेडवाच्या लग्नाक तूच ये."

त्यानंतर दीड वर्ष भिकाजी प्रत्येक लग्नात धास्तावलेलाच असायचा. शेवटी त्याने दोन कार्डं बसणारा कॅमेरा घेतला. एक कार्ड जाडसर, दुसरं टपालाच्या तिकिटाएवढं. दोन्ही आत सरकवून त्याने बायकोचे, आनंदीचे, दहा-बारा फोटो काढले. आता प्रत्येक फोटो दोन्हीकडे असणार, असं तो धरून चालला होता. आनंदीने छोटं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

"अहो, ह्याच्यात काय नाय."

भिकाजीने कॅमेऱ्यासोबत आलेली माहितीपुस्तिका काढली. पुस्तिका इंग्रजी होती. आनंदी एकेक शब्द जुळवत वाचू लागली, तो कॅमेऱ्याची बटणं दाबू लागला. तासाभराने उलगडा झाला. कॅमेरा 'ओव्हरफ्लो'वर होता, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावरच दुसऱ्याची पाळी. भिकाजीने तिथे 'बॅकअप' निवडलं आणि पुन्हा फोटो काढले. या वेळी दोन्ही कार्डांतून आनंदी हसत होती. तरी त्याने आणखी चार दिवस रोज ताडून पाहिलं.

२०१०च्या मे महिन्यात हौसाबाईच्या धाकट्या मुलीचं, संचिताचं लग्न लागलं. जेवणं उरकल्यावर भिकाजीने शेवंतीला आणि तिच्या नवऱ्याला मांडवात बोलावलं.

"तुमी दोघां हय उभी रवा."

"आता दोन वर्सांनी?" शेवंती लाजली.

"मुंडावळ्यो आसत माझ्याकडे," म्हणत त्याने पिशवी उघडली.

शेवंतीची वर्षाची मुलगी आरोही काही केल्या कडेवरून उतरेना. शेवटी तिच्यासकटच फोटो काढले. एकात तिने बापाची मुंडावळी ओढून तोंडात घातली होती.

परतताना भिकाजीने एक कार्ड खिशात ठेवलं, दुसरं आनंदीला पर्समध्ये ठेवायला दिलं. घरी दोन्ही व्यवस्थित उघडली. मुंडावळी चघळणाऱ्या आरोहीचा फोटो वगळावा असं त्याच्या मनात होतं, पण हौसाबाईने तोच फोटो मोठा करून मागितला.