साडूंच्या माशीचा नवरा

माशी दिसली की सारं जग हात उगारतं. माझे साडू चष्मा पुसायचे. पुण्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि साठच्या दशकात दर भाद्रपदात, आमची खुशाली विचारायच्या निमित्ताने, लोणावळ्यात आमच्याकडे मुक्काम ठोकत. खरं प्रेम जवळच्याच आंदर मावळातल्या भातावरच्या अळ्यांवर. अळी आणून बरणीत ठेवायची आणि तिचा पतंग झाला की सुतकी चेहरा करायचा. कारण त्यांना हवी असे ती माशी, जी अळीच्या मानेवर एवढुशी पांढरी अंडी घालते आणि जिची पोरं अळीला आतून खाऊन वाढतात. हे सगळं ते नेमकं आमच्या पानात भात पडल्यावर सांगत. हिच्या मुरंब्याच्या बरण्या एकेक करून अळ्यांनी बळकावल्या. एकदा मी चिडून म्हणालो, "साडूभाऊ, दुसऱ्याच्या घरात शिरून आतून फस्त करायचं हे तुम्हाला माशीनं शिकवलं, की तुम्ही माशीला?" त्यांनी शांतपणे आणखी तूप मागितलं.

अशाच एका बरणीतून एक मादी निघाली, कुठल्याच पुस्तकात नसलेली. नवी जात! साडू तिला नाव देणार होते. पण नर सापडल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मग कित्येक भाद्रपद ते त्या मादीसाठी स्थळ शोधत हिंडले. स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी एवढे जोडे झिजवले नव्हते.

निवृत्तीच्या वर्षी त्यांचा पाय मुरगळला, म्हणून मावळातल्या एका ओळखीच्या मावशींना त्यांनी अळ्या वेचायला सांगितलं. कोणत्या वेचायच्या, हे सांगायला मात्र हा विद्वान विसरला. मावशी डबा भरून घेऊन आल्या. "भाऊ, लय निवडून आणल्यात. मानेवर पांढरं ठिपकं असल्याल्या नासक्या समद्या चेचून टाकल्या. तुमास्नी येकबी डागी न्हाई दिली."

विद्यार्थ्यांना शब्दाशब्दाला रडवणारा हा माणूस आता भडकणार, म्हणून मी सरसावून बसलो. साडूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फार निगुतीनं निवडल्यात हो, मावशी." आणि त्यांना चहा द्यायला सांगितला.

पुढच्या वर्षी त्या खाचरांवर कीटकनाशक पावडर मारली गेली. अळ्या गेल्या, माश्याही गेल्या, काही वर्षांनी साडूही. त्यांची पेटी माझ्याकडे आली. आत टाचणीवर ती मादी, शेजारी एक रिकामी टाचणी आणि तिच्याखाली साडूंच्या अक्षरात चिठ्ठी: नर. मला त्यांची फार आठवण येते. भाद्रपदात कुणाला न सांगता मी आंदर मावळात जातो आणि बांधावर वाकून अळ्यांच्या माना बघत बसतो.