झाकणाला बांधलेली तार

माझ्या बाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये तो फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या झाकणाला एक स्विच असतो. झाकण उघडं असलं की रोलर फिरत नाही. बाने तो स्विच तारेने दाबून बांधून ठेवला होता. मी दहावीत होतो. रोलरने आधी बोटं ओढली, मग तळहात. रुईत रक्त गेलं म्हणून दाबून बांधलेली आख्खी गठाण बाजूला काढावी लागली, आणि मालक त्यावरूनच ओरडत होता.

घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो, पण जिनिंगच्या गोष्टी बा वऱ्हाडीतच सांगतो. "बा, तार काहून बांधली होती?" मी दवाखान्यात विचारलं होतं.

"स्विच बिघडे. तो नीट कराले आख्खं पॅनल खोला लागे. रोज कोन खोलते?"

मला बाचा राग आला होता. हे आधी सांगतो, कारण पुढचं मी केलेलं आहे.

आमच्या तांड्यातून यवतमाळला इंजिनिअरिंगला आलेला मी पहिलाच. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आमच्याकडे एक छोटं कर्नेल होतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आधीच्या मुलांनी लिहीत आणलेला. ते मोटर चालवणाऱ्या एका कार्डाला हुकूम देई आणि कार्ड भंगारातून आणलेला जिनचा रोलर फिरवी. हुकूम बरोबर सोळा बाइटांचा असावा लागे. एक जरी बाइट सरकला, तर कार्ड भलत्याच आकड्याला वेग समजे.

यासाठी कर्नेलमध्ये तपासणीचा एक मॅक्रो, म्हणजे कोडचा तयार तुकडा, होता. सोळा बाइट नसतील तर तो कंपाइल होतानाच, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनतानाच, एरर देई. प्रोग्राम तयारच होत नसे, मग रोलर फिरायचा प्रश्नच नाही. पण तो मॅक्रो एका अवाढव्य हेडर फाइलमध्ये होता. ती फाइल माझ्या फाइलला बोलवी, माझी तिला, आणि दोघी एकमेकींत अडकून पडत. मी प्रयत्न केला तेव्हा स्क्रीनभर एरर आल्या. म्हणून मी तपासणी काढली आणि तिच्या जागी नुसती टीप लिहिली: 'इथे सोळाच बाइट ठेवा.' कोणाला सांगितलं नाही. मला येत नाही असं वाटेल, ही भीती होती.

माझा रूममेट त्याच प्रकल्पात होता. त्याच्या घरी आजोबांपासून सगळे नोकरदार. मला काही आलं नाही की तोच शिकवायचा. एप्रिलमध्ये त्याने हुकुमात खोलीचं तापमान जोडलं, वेगाच्या आकड्याच्या आधी. टीप त्याने वाचली नाही. कंपाइल बिनतक्रार झालं.

स्क्रीनवर वेग शून्य होता. रोलरला रुई चिकटली होती, ती तो बोटांनी काढत होता. कार्डाने वेगाच्या जागी तापमान वाचलं. एक्केचाळीस.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाच्या वेळी मी तिथे नव्हतो, या वेळी हातभर अंतरावर होतो. त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला. तो ओरडला नाही, त्याच्या तोंडून नुसता श्वास निघत राहिला. मी वायर उपटली, तरी रोलर आणखी अर्धा फेरा फिरला. पांढऱ्या रुईवर रक्त पसरत गेलं, आणि मला गठाण आठवली. मित्र समोर असताना मला गठाण आठवली, याची अजून लाज वाटते.

बोटं वाचली, पण मनगट मोडलं. सर म्हणाले, "टीप होती ना लिहिलेली? वाचता येत नाही?" त्यांनी त्याला प्रकल्पातून काढायचं ठरवलं. मी खाली बघत उभा राहिलो. चार दिवस असाच गेलो-आलो.

त्या चार दिवसांत मी एक छोटी हेडर फाइल केली. तिच्यात फक्त तो मॅक्रो. ती दुसऱ्या कुठल्याही फाइलला बोलवत नाही, म्हणून कोणीही तिला एका ओळीत बोलवू शकतं. मग मी जिथे जिथे नुसत्या टिपा होत्या तिथे तपासणी घातली. कंपाइल केलं आणि सात ठिकाणी एरर आल्या.

सरांना दाखवलं. "चालू कर्नेल बंद पाडून आणलंस?" ते म्हणाले.

"सर, ते चालायलाच नको होतं. तपासणी मी काढली होती. त्याची चूक नाही."

त्यांनी सातही एरर वाचल्या. मग म्हणाले, "आता हे त्याला जाऊन सांग."

तो खोलीत पलंगावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मी सगळं सांगितलं. बाची तारही सांगितली.

"म्हणजे तुले मालूम होतं बे?"

"हो."

त्याने डाव्या हाताने कानाखाली मारली. डावा असूनही मी दारावर आपटलो. दुसरीही मारली. ओठ फुटला. मी हात वर केला नाही.

"येत नव्हतं तर विचारलं काहून नाई? मी काय मेलतो?" त्याचा आवाज फाटला होता. "तीन वर्षं एका ताटात जेवून राह्यलो आपण!"

मग तो धापा टाकत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आण तो लॅपटॉप."

मी त्याच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या एका बोटाने तो एरर खाली सरकवत गेला. एका ओळीवर थांबला आणि मोठ्याने वाचलं, "सोळा पाहिजे, वीस आहे." ती त्याचीच ओळ होती.

"ओठ पूस पयले," तो म्हणाला, "आन् इकडे बस. मले एका हातानं कोडचे कंस टाकता नाई येत."