दांडीवरचं लाल रेक्झिन

रफिक गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. त्याची ऑर्डर आली. मंगळवार पेठेत माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं, नंबर, देवांची चित्रं चिकटवतो, हल्ली फलकांचं डिझाइनही करून देतो. दीड महिन्यापूर्वी सकाळी रिक्षा स्टॉपवरच्या एकानं मोबाईलवर एक जुना फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "श्रद्धांजलीचा बोर्ड पायजे, दुपारपर्यंत. फोटोत दोघं हायत, शेजारचा काढून टाक." फोटो उघडला तर रफिक दात काढून हसत होता, आणि शेजारचा मी होतो. सांगितलं तसं केलं. मी मला काढून टाकलं. त्याच्या खांद्यावर टाकलेला माझा हात तेवढा राहिला. बोर्ड दोन आठवडे चौकात होता. तो हात कुणाचा, असं एकानंही विचारलं नाही. पेपरवाले पुरवणीसाठी लिहा म्हणाले म्हणून लिहितोय. गोड लिहिता येणार नाही, हे आधीच सांगतो.

रफिक आणि मी शाळेत एका बाकावरचे. दहावीनंतर तो वडिलांच्या हाताखाली रिक्षाच्या सीटा आणि हुड शिवायला बसला, मी पुढच्या गल्लीत रेडियम कापायला. त्यानं शिवलेल्या रिक्षावर नाव मी चिकटवायचं, असं आमचं चाललेलं. मग मॉल आला, मॉलमध्ये गेम झोन आला आणि त्यात ते नाचायचं मशीन. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायाखाली चार बाणांच्या चार फरश्या, समोर पडदा. गाणं लागलं की पडद्यावर बाण खालून वर सरकतात. बाण वरच्या रेघेला टेकला की त्याच बाणाच्या फरशीवर पाय पडला पाहिजे. ताल चुकला की गुण गेले. पाठीमागं कमरेएवढी लोखंडी दांडी असते, तोल गेला तर धरायला.

हे मशीन खेळायच्या तऱ्हा माणसागणिक वेगळ्या. नवखे झुरळ मारल्यासारखे पाय आपटायचे. कॉलेजच्या पोरी जोडीनं चढायच्या, एकमेकींच्या फरशीवर जायच्या आणि हरल्या तरी हसत उतरायच्या. मी ताठ उभा, हात मोकळे, नजर पडद्यावर, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. रफिकचं निराळंच. तो दोन्ही हात मागं नेऊन दांडी धरायचा, अंगाचा सगळा भार हातांवर टाकायचा आणि पायांची नुसती बोटं खेळवायचा, शिलाई मशीनच्या पायट्यावर खेळवायचा तशी. अवघड गाण्यांत तो मला सहज मागं टाकायचा. गाणं पाठ झालं की पडद्याकडं पाठ करून, बघणाऱ्यांकडं तोंड करून खेळायचा. त्याच्यासाठी लोक थांबायचे, आणि मी चढलो की पांगायचे. घामानं हात घसरतो म्हणून एक दिवस मॅनेजरला विचारून त्यानं त्या दांडीला फोम लावला, वर लाल रेक्झिन शिवलं, दुहेरी टाक्यानं.

दांडी धरणं म्हणजे कुबडी घेणं, असं मी त्याला चिडवायचो. एकदा चहाच्या गाड्यावर तो हळूच म्हणाला, "संज्या, ल्हानपणी मला सांधेताप झालता. डॉक्टर म्हणतोय, काळजाची झडप गळती हाय. दांडी सोडली की दम भरतोय रं. कुणाला सांगू नगंस, घरातनं खेळणं बंद करतील." मी म्हटलं, "न्हाय सांगत." आणि नाहीच सांगितलं कुणाला. तेवढा शब्द पाळला.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेम झोननं स्पर्धा ठेवली. मॅनेजर नंदू मला म्हणाला, "तू जुना खेळाडू, नियम तूच सांग की." मी सांगितलं, दांडी धरायची नाही, पुण्या-मुंबईत कुठंच चालत नाही. पुण्या-मुंबईत मी तसलं मशीन बघितलेलंसुद्धा नव्हतं. दांडी राहिली तर पहिला रफिक येणार, एवढंच मला माहीत होतं, बाकी सगळी थाप. दुकानात बसून पिवळ्या रेडियमची अक्षरं कापली, 'दांडी धरू नये', आणि त्या लाल रेक्झिनवरच नेऊन चिकटवली. रेडियम रेक्झिनवर मुरलं की काढताना रेक्झिनची साल निघते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार...

स्पर्धेच्या दिवशी रफिक आला. त्या अक्षरांवरून त्यानं अंगठा फिरवला. माझा तिरका 'ध' त्यानं कितीतरी रिक्षांवर बघितला होता. वाटलं, आता आई-बहिणीवरनं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आठ दिवसांत परत एका गाड्यावर चहा प्यालो असतो. पण तो मशीनवर चढला. हात मोकळे सोडून उभा राहिला. निम्मं गाणं अगदी बरोबर गेला. मग पाय थांबले. बाण आपले एकामागून एक वर जात राहिले... आणि तो फरशीवर खाली बसला, ओठ निळे पडलेले. कुणीतरी शिट्टी मारली, लोक हसले. मी हसलो नाही असं लिहायचं मनात होतं, पण हसलो.

पहिला मी आलो. बक्षिसाचा मिक्सर घेऊन निघालो तर रफिक समोर आला. "चांगलं खेळलासा, पावणं," म्हणाला. आमच्याकडं पावणं म्हणतात ते अनोळखी माणसाला, स्टँडवर पत्ता विचारणाऱ्याला. सहावीपासून मी त्याचा संज्या होतो.

पुढं चौदा वर्षं मी पावणंच राहिलो. गल्लीत भेटला की, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" इतक्या अदबीनं, की थोबाडीत खाल्लेली परवडली असती. मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, झडप बदलली. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि माघारी आलो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या स्कूटरची चांगली धडधाकट सीट काढून त्याच्या दुकानात नेली. सीटचं निमित्त. "रफिक, त्या दांडीचं..." एवढं म्हणालो. त्यानं दातानं दोरा तोडला. "उद्या घिऊन जावा, पावणं. रंग कुठला घालू?" मी म्हटलं, काळा. रेटून बोलता आलं असतं, चहा मागवून बसता आलं असतं. काळा म्हणालो आणि आलो.

मातीला गेलो, तीन मुठी माती टाकली आणि मागं जाऊन उभा राहिलो. आठवड्यानं घरी गेलो. त्याची बायको, रेहाना वहिनी, पाणी घेऊन आली. "तुमी रेडियमवालं न्हवं? ते पावणं पावणं म्हणायचे, ते तुमीच व्हय?" मी मान हलवली. "तुमचं लई नाव काढायचे. म्हणायचे, पावण्याचं अक्षर लई देखणं हाय." तिला काही ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. पाण्याचा पेला तसाच ठेवून उठलो.

तिथून सरळ मॉलवर गेलो. मशीन अजून आहे, कोपऱ्यात ढकललेलं, एका बाजूचा स्पीकर बंद. नंदूचे केस पिकलेत. दांडीवर लाल रेक्झिन तसंच, एक टाका उसवलेला नाही, आणि त्यावर माझी पिवळी अक्षरंही तशीच. 'द'चा कोपरा नखानं उचलला, जरा ओढला. पिवळ्याबरोबर लाल साल निघाली, खालचं पांढरं कापड दिसलं. थांबलो.

"काढ की," नंदू म्हणाला. "आता कोण स्पर्धा घेतंय? रेक्झिनबी नवं घालूया."

"नगं," म्हटलं. उचललेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला. मग मशीनवर चढलो, दोन्ही हात मागं नेले आणि दांडी धरली, आयुष्यात पहिल्यांदा. तळव्याला माझीच अक्षरं लागत होती. नंदूनं गाणं लावलं. बाण वर जायला लागले, माझे पाय हलेनात.

"खेळ की," नंदू म्हणाला. मी नुसता दांडी धरून उभा होतो.